दंडधाऱ्यांची विद्यार्थिदशा

घरांत कोणी आजारी पडलें म्हणजे आपण डॉक्टरास बोलावितों, आणि त्यानें कोणता अभ्यास केला आहे तें दारावरच्या पाटीवरून पाहून घेतों. मुलाला शाळेंत घालतांना शिक्षक पदवीधर आहेत कीं नाहींत, याची चौकशी करतों. साधें खरेदीखत करावयाचें झालें तरी शिकलेला वकील गांठतों. परंतु रात्रीं दोन वाजतां कोपऱ्यावर दोन टोळ्या एकमेकींच्या अंगावर धांवून गेल्या, तर तेथें उभा असलेला शिपाई काठी उगारतो कीं शब्दानें काम भागवितो, यावर कोणाचें डोकें फुटावयाचें आणि कोणाचें वांचावयाचें हें ठरतें. तरी त्या शिपायानें काय आणि किती अभ्यास केला आहे, हा प्रश्न आपल्या मनांत सहसा येत नाहीं. भरतीच्या वेळीं त्याची उंची मोजतात, छाती मोजतात, त्यास धांवावयास लावतात, लेखी परीक्षाही घेतात. परंतु एकदां अंगावर गणवेष चढला कीं त्याची विद्या पुरी झाली, अशीच आपली सर्वांची समजूत असते.

गुन्हा घडला म्हणजे तें प्रकरण एकामागून एक पांच जणांच्या हातांतून जातें. शोध लावणारा पोलीस, खटला चालविणारा सरकारी वकील, निकाल देणारा न्यायाधीश, शिक्षा भोगणाऱ्यास सांभाळणारा तुरुंगाधिकारी, आणि कैदेऐवजीं बाहेर ठेवलेल्या अपराध्यावर देखरेख करणारा परिवीक्षा अधिकारी, हे ते पांच जण होत. यांपैकीं वकील व न्यायाधीश यांनीं कायद्याची पदवी घेतलेली असते. बाकीच्यांची विद्या बहुतांशीं अनुभवाची असते. अनुभव हा मोठा गुरु खरा. परंतु हा गुरु चुका करवून शिकवितो, आणि या धंद्यांत चुकीची किंमत शिकणारा देत नाहीं. ती तिसराच कोणी देतो. म्हणून नोकरींत असलेल्या या माणसांस पुन्हां विद्यार्थी करावें, आणि त्यासाठीं त्यांस शिष्यवृत्ति द्यावी, अशी कल्पना निघाली.

कल्पना सांगावयास सोपी आहे, पण अमलांत आणावयास कठीण आहे. तिच्यांत चार गांठी आहेत. पैसा कोणीं द्यावा? वेळ कोठून आणावा? शिकून झाल्यावर तो माणूस परत कामावर येईल, याची हमी काय? आणि त्यास शिकवावें तरी काय? या चारी गांठी सोडविण्याचा सर्वांत मोठा प्रयत्न अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत झाला. त्यांत यश किती आलें आणि ठेच कोठें लागली, हें समजून घेणें आपणांसही उपयोगाचें आहे.

या हकीकतीचा आरंभ एका टपालवाल्यापासून होतो. कॅलिफोर्निया संस्थानांतील बर्कले हें विश्वविद्यालयाचें गांव. १९०५ सालीं त्या गांवच्या लोकांनीं ऑगस्ट व्होल्मर नांवाच्या तरुणास आपला मार्शल, म्हणजे पोलिसांचा मुख्य, निवडलें. हा गृहस्थ त्यापूर्वीं गांवांत पत्रें वांटीत असे, आणि त्याच्याही आधीं फिलिपाईन्समधील युद्धांत शिपाईगिरी करून आला होता. त्याचें स्वतःचें शिक्षण प्राथमिक शाळेपुरतेंच झालें होतें. पण ज्यास विद्या मिळालेली नसते, त्यासच कित्येकदां तिची खरी किंमत कळते. व्होल्मरनें १९०८ मध्यें आपल्या हाताखालच्या माणसांसाठीं पोलिसांची शाळा काढली. पुढें १९१६ पासून विश्वविद्यालयाच्या मदतीनें उन्हाळ्यांत पोलिसांसाठीं वर्ग सुरू झाले. पुरावा म्हणजे काय, माणसाचें मन कसें चालतें, रक्ताचा डाग कसा ओळखावा, असे विषय शिपायांपुढें प्रथमच पद्धतशीर रीतीनें येऊं लागले.

व्होल्मर येथेंच थांबला नाहीं. शिपायास विद्यार्थी करण्याबरोबर त्यानें विद्यार्थ्यास शिपाई करण्याचाही उद्योग मांडला. विश्वविद्यालयांत शिकणाऱ्या तरुणांस त्यानें पोलीसदलांत घेतलें. ते आपली पाळी करावयाचे आणि उरलेल्या वेळांत वर्गांत जावयाचे. लोकांनीं प्रथम थट्टा केली. परंतु अशाच एका विद्यार्थ्यानें, ऑर्लँडो विल्सन यानें, १९२१ सालीं बर्कलेच्या दलांत प्रवेश केला आणि पुढें १९६० ते १९६७ या काळांत शिकागोसारख्या अवाढव्य शहराचें पोलीसदल सांभाळलें. स्वतः व्होल्मर १९२९ मध्यें शिकागो विश्वविद्यालयांत पोलीसव्यवस्थेचा प्राध्यापक झाला. प्राथमिक शाळेंतून बाहेर पडलेला टपालवाला विश्वविद्यालयाच्या व्यासपीठावर चढला, ही गोष्ट कोणत्याही शिक्षकास आनंद देणारी आहे.

परंतु एका माणसाच्या उत्साहावर चाललेलें काम त्या माणसाच्या गांवापुरतेंच राहतें. १९३१ मध्यें अध्यक्ष हूव्हर यांनीं नेमलेल्या विकरशॅम कमिशनचा अहवाल प्रसिद्ध झाला. त्यांतील पोलिसांविषयींच्या भागांत व्होल्मरचा मोठा हात होता, आणि त्यांत पोलिसांच्या निवडीवर व शिक्षणावर भर दिलेला होता. तरीही पुढील तीस वर्षें बहुतेक गांवांतून शिपाई पूर्वींप्रमाणेंच हायस्कुलांतून, किंवा त्याच्याही अलीकडून, सरळ रस्त्यावर येत राहिला. पैशाची गांठ सुटल्याशिवाय पुढची वाट मोकळी होणार नव्हती.

ती सुटली १९६० नंतरच्या दशकांत, आणि तीही सुखाच्या काळांत नव्हे. अमेरिकेच्या शहरांतून त्या वर्षीं दंगे पेटले होते. कृष्णवर्णीय वस्त्या आणि पोलीस यांच्यांत उघड वैर आलें होतें, आणि एखाद्या शिपायानें रस्त्यावर गाडी अडविण्याच्या निमित्तानें सबंध वस्ती पेटावी, असे प्रकार घडूं लागले होते. १९६५ मध्यें लॉस एंजेल्स शहराच्या वॉट्स भागांत झालेल्या दंग्यास असेंच निमित्त झालें. त्याच वर्षीं अध्यक्ष जॉन्सन यांनीं गुन्हे व न्यायव्यवस्था यांचा विचार करण्यासाठीं निकोलस कॅट्झेनबाख यांच्या अध्यक्षतेखालीं एक कमिशन नेमलें. त्याचा अहवाल १९६७ मध्यें आला. ज्यास अटक करण्याचा सर्वसाधारण अधिकार आहे, अशा प्रत्येक पोलिसास कधीं ना कधीं विश्वविद्यालयाची पदवी असावी, हें ध्येय त्या अहवालानें राष्ट्रापुढें ठेवलें.

नुसतें ध्येय ठेवून कोणी पदवीधर होत नाहीं. म्हणून १९६८ च्या जून महिन्यांत जो मोठा गुन्हेनियंत्रणाचा कायदा झाला, त्यांतच शिक्षणासाठीं पैशाची तरतूद करण्यांत आली. तिच्यांतून निघालेली योजना ‘लॉ एन्फोर्समेंट एज्युकेशन प्रोग्रॅम’ या नांवानें, व तिच्या आद्याक्षरांवरून ‘लीप’ या छोट्या नांवानें, प्रसिद्ध झाली. ती केवळ पोलिसांसाठीं नव्हती. तुरुंगांत, न्यायालयांत व परिवीक्षेच्या कामांत असलेल्या माणसांसही तिचा लाभ घेतां येत असे.

योजनेची घडण मोठी मार्मिक होती. तिचे दोन भाग होते. पहिला भाग नोकरी करतां करतां शिकणाऱ्यांचा. अशा माणसाची फी सरकार भरी; आरंभीं ही मर्यादा एका सहामाहीस ३०० डॉलर होती. त्याच्या बदल्यांत त्यानें एकच गोष्ट लिहून द्यावयाची, ती ही कीं, अभ्यास पुरा झाल्यावर दोन वर्षें तो आपल्या खात्याची नोकरी सोडणार नाहीं. सोडली, तर मिळालेली रक्कम परत करावयाची.

दुसरा भाग पूर्ण वेळ शिकणाऱ्यांचा. त्यांत खात्यांतून अभ्यासाची रजा घेऊन आलेल्या पोलिसांचा व तुरुंगाधिकाऱ्यांचा विचार अगोदर व्हावा, असें कायद्यांतच म्हटलें होतें. त्यांस वर्षास १,८०० डॉलरपर्यंत कर्ज मिळे. पण हें कर्ज सावकारी कर्जासारखें नव्हतें. शिकून झाल्यावर माणूस न्यायरक्षणाच्या नोकरींत राहिला, तर प्रत्येक पुऱ्या वर्षास कर्जाचा चौथा हिस्सा माफ होई. समजा, एखाद्यानें चार वर्षें पूर्ण रक्कम उचलली, तर त्याच्या डोक्यावर ७,२०० डॉलरचा बोजा झाला. एक वर्ष नोकरी केली कीं १,८०० उतरले. दोन वर्षांनीं बोजा निम्मा झाला. चार वर्षें झालीं कीं पाटी कोरी. म्हणजे हातांत पडतांना तें कर्ज असे, आणि सेवा केल्यानें त्याची शिष्यवृत्ति बनत असे. पैशाची गांठ आणि परतण्याच्या हमीची गांठ, या दोन्ही एकाच दोरीनें सोडविण्याची ही युक्ति होती.

राहिली वेळेची गांठ. शिपायाची पाळी आज सकाळीं, तर पुढच्या आठवड्यांत रात्रीं. ठराविक वेळीं वर्गांत येऊन बसणें त्यास शक्यच नसतें. न्यूयॉर्क शहरानें यावर जो तोड काढला, तो इतका साधा आहे कीं तो आधीं कोणास सुचला कसा नाहीं, याचें नवल वाटावें. त्या शहराच्या विश्वविद्यालयानें १९६५ मध्यें पोलिसांसाठीं एक कॉलेज उघडलें. पुढें त्यास अमेरिकेचे पहिले सरन्यायाधीश जॉन जे यांचें नांव देण्यांत आलें. तेथें एकच पाठ एकच प्राध्यापक दिवसां एकदां व संध्याकाळीं पुन्हां एकदां देत असे. ज्याची पाळी रात्रीची, त्यानें सकाळीं यावें. ज्याची दिवसाची, त्यानें संध्याकाळीं. पाळी बदलली तरी पाठ चुकत नसे. शिकणाऱ्याच्या सोयीनें शाळेनें आपलें वेळापत्रक वांकविलें, म्हणून शिकणारा टिकला.

१९६९ मध्यें ‘लीप’ योजना सुरू झाली, तेव्हां पहिल्या वर्षाची तरतूद ६५ लक्ष डॉलरची होती. १९७५ च्या सुमारास ती वर्षास चार कोटी डॉलरच्या घरांत गेली, आणि सुमारें एक हजार कॉलेजें तींत सामील झालीं. ज्या घराण्यांत पूर्वीं कोणी कॉलेजचें तोंड पाहिलें नव्हतें, अशा घराण्यांतले शिपाई आणि तुरुंगाचे पहारेकरी पदव्या घेऊन बाहेर पडले. एखाद्या योजनेचें यश आंकड्यांनीं मोजावयाचें असेल, तर हें यश मोठेंच म्हटलें पाहिजे.

परंतु शिक्षणाचें यश आंकड्यांनीं मोजतां येत नाहीं, आणि येथेंच चौथी गांठ पुढें आली. त्यास शिकवावें काय? पैसा वाहूं लागल्याबरोबर पुष्कळ कॉलेजांनीं घाईघाईनें पोलीसशास्त्राचे वर्ग उघडले. शिकविणारे कोण? बहुधा निवृत्त झालेले किंवा नोकरींत असलेले पोलीस अधिकारीच. शिकवावयाचें काय? पंचनामा कसा लिहावा, गस्त कशी घालावी, वाहतूक कशी वळवावी; म्हणजे जें पोलीसशाळेंत शिकवून झालें होतें तेंच. कित्येक ठिकाणीं तर पोलीसशाळेंतील कवाईत व प्रशिक्षण हेंही पदवीच्या अभ्यासांत धरलें जाई. नदीचें पाणी घागरींत भरून पुन्हां नदींतच ओतावें, तसा हा प्रकार झाला. माणूस पदवीधर झाला, पण त्याच्या दृष्टींत भर पडली नाहीं.

१९७८ मध्यें लॉरेन्स शर्मन व त्यांच्या सहकाऱ्यांच्या राष्ट्रीय सल्लागार मंडळानें या सर्व कारभाराची तपासणी करून एक कठोर अहवाल प्रसिद्ध केला. त्याचें म्हणणें थोडक्यांत असें. पोलिसास कॉलेजांत पाठवावयाचें तें पोलिसी काम शिकविण्यासाठीं नव्हे. तें तर खातें स्वतःच शिकवूं शकतें. त्यास इतिहास, समाजशास्त्र, मानसशास्त्र, नीतिशास्त्र व वाङ्मय यांचा परिचय व्हावा, आपल्याहून निराळ्या लोकांबरोबर एका बाकावर बसण्याची संवय व्हावी, यासाठीं पाठवावयाचें. शिवाय, भरती झालेल्यांस शिकविण्यापेक्षां शिकलेल्यांसच भरती करणें अधिक हिताचें, असाही त्या अहवालाचा रोख होता. व्होल्मरनें साठ वर्षांपूर्वीं एकाच वेळीं जे दोन मार्ग चोखाळले होते, त्यांपैकीं दुसऱ्याकडे हें बोट होतें.

पुढें थोड्याच वर्षांत सरकारचा हात आंखडला. जें खातें ही योजना चालवीत असे तें १९८२ मध्यें बंद झालें, आणि ‘लीप’चा तो मोठा ओघ आटला. १९९४ च्या कायद्यानें ‘पोलीस कोअर’ नांवाची निराळी योजना आणली. तींत होतकरू विद्यार्थ्यास वर्षास ७,५०० डॉलरपर्यंत, एकूण ३०,००० डॉलरपर्यंत, साहाय्य देऊन चार वर्षांच्या पोलीससेवेचें वचन घेतलें जाई. तिचाही पैसा कांहीं वर्षांनीं आटला. राहिलें तें कॉलेज. जॉन जेचें कॉलेज १९७६ च्या आर्थिक संकटांत बंद पडण्याची वेळ आली होती. तेंही वांचलें आणि आज नांवाजलेलें आहे.

मग एवढा खर्च करून फळ काय मिळालें? हा प्रश्न सरळ आहे, पण त्याचें उत्तर सरळ नाहीं. शिकलेल्या पोलिसांविरुद्ध तक्रारी कमी येतात, ते बळाचा उपयोग कमी करतात, असें कांहीं संशोधकांस आढळलें. दुसऱ्या कांहींस तसा फरक दिसला नाहीं. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या एका समितीनें २००४ मध्यें उपलब्ध असलेल्या सर्व पुराव्याचा विचार केला, तेव्हां उच्च शिक्षणानें पोलिसांचें काम सुधारतें कीं नाहीं, हें निश्चित सांगण्यास तो पुरावा पुरेसा नाहीं, असा निर्वाळा तिनें दिला. याचें कारण उघड आहे. जो मनुष्य पाळी करून घरीं आल्यावर पुस्तक उघडतो, तो मूळचाच धीराचा आणि विचारी असण्याचा संभव असतो. पुढें तो चांगला वागला, तर तें श्रेय पुस्तकाचें कीं स्वभावाचें, हें वेगळें करून दाखविणें फार अवघड. शिवाय सगळीं कॉलेजें सारखीं नसतात, हें वर पाहिलेंच. पाणी घातलें तरी झाड वाढलें नाहीं, असें म्हणण्यापूर्वीं घातलें तें पाणीच होतें ना, हें पाहिलें पाहिजे.

आतां अमेरिका सोडून आशियाकडे वळूं. १९६२ मध्यें संयुक्त राष्ट्रसंघ व जपान सरकार यांच्या करारानें तोकियोजवळ फुचू येथें एक संस्था उघडली. गुन्ह्यांस प्रतिबंध आणि अपराध्यांची सुधारणा हे तिचे विषय. ‘युनाफेई’ या आद्याक्षरी नांवानें ती ओळखली जाते, आणि २०१७ पासून तिचें ठाणें आकिशिमा येथें आहे. आशियांतील व इतर खंडांतील निवडक अधिकारी कांहीं आठवड्यांच्या अभ्यासासाठीं तेथें जातात, आणि त्यांचा भार मुख्यतः जपानच्या साहाय्यावर चालतो. भारतांतील अधिकारीही त्यांत असतात. या संस्थेची खरी शिकवण तिच्या बैठकींत आहे. तेथें पोलीस, सरकारी वकील, न्यायाधीश, तुरुंगाधिकारी आणि परिवीक्षा अधिकारी हे एकाच टेबलाभोंवतीं बसतात. आपापल्या देशांत यांची गांठ पडते ती कागदावर, आणि तीही बहुधा एकमेकांच्या चुका काढण्यासाठीं. पोलिसानें पकडलेल्या माणसाचें तुरुंगांत पुढें काय होतें, हें पोलिसानें तुरुंगाधिकाऱ्याच्या तोंडून ऐकावें, ही गोष्ट कोणत्याही क्रमिक पुस्तकांत मिळावयाची नाहीं.

तुरुंगाचा उल्लेख आला म्हणून एका जवळच्या उदाहरणाचें स्मरण करून देणें योग्य होईल. औंध संस्थानानें १९३९ मध्यें आटपाडीजवळ स्वतंत्रपूर येथें भिंतींवांचून कैद्यांची वसाहत उभारली. पुढें १९५७ मध्यें व्ही. शांताराम यांच्या ‘दो आँखें बारह हाथ’ या चित्रपटानें ती कल्पना घरोघर पोंचविली. जेथें भिंत नाहीं, तेथें कैद्यास थोपवून धरतें तें पहारेकऱ्याचें मनुष्यज्ञान. कुलपाची किल्ली सांभाळण्यास फारशी विद्या लागत नाहीं. पण कुलूप काढून टाकावयाचें ठरविलें, कीं सांभाळणाऱ्यास पुष्कळ शिकावें लागतें.

मुंबईंत १९३६ मध्यें सर दोराबजी टाटा यांच्या नांवानें समाजकार्याचें शिक्षण देणारी जी संस्था निघाली, तीच आजची टाटा समाजविज्ञान संस्था. गुन्हेगारी आणि अपराध्यांची सुधारणा हा विषय या देशांत विद्येचा म्हणून शिकविण्यांत तिचा वांटा मोठा आहे. १९५१ मध्यें संयुक्त राष्ट्रसंघाचे तज्ज्ञ डॉ. वॉल्टर रेक्लेस भारतांत आले, आणि तुरुंग हीं केवळ कोंडवाड्याचीं ठिकाणें न राहतां सुधारणेचीं स्थानें व्हावींत, असें त्यांनीं आपल्या अहवालांत मांडलें. तसें व्हावयाचें तर तेथील माणूस आधीं शिकला पाहिजे, हें ओघानेंच आलें. पुढें १९७१ मध्यें भारत सरकारनें पोलिसांच्या शिक्षणाचा विचार करण्यासाठीं समिति नेमली, तेव्हां तिचे अध्यक्ष याच संस्थेचे संचालक प्राध्यापक माधव सदाशिव गोरे हे होते. १९७३ च्या त्यांच्या अहवालांत कवाईत व कायदा यांच्या बरोबरीनें समाजशास्त्रें, मनोवृत्ति आणि लोकांशीं वागणूक यांना जागा मागितली आहे. एका समाजशास्त्रज्ञानें पोलिसांच्या शाळेचा आराखडा आंखावा, यांतच बदललेल्या काळाचें चिन्ह होतें.

आपल्याकडे नोकरींतल्या माणसास शिकावयाचें असेल, तर मुख्य साधन म्हणजे अभ्यासरजा. केंद्र सरकारच्या १९७२ च्या रजानियमांत तिची रीत घालून दिलेली आहे. साधारणतः पांच वर्षें सेवा झालेल्या नोकरास, आपल्या कामाशीं निकट संबंध असलेल्या विषयासाठीं, एका वेळीं सामान्यतः बारा महिने आणि सर्व नोकरींत मिळून चोवीस महिने अशी रजा मिळूं शकते. रजेपूर्वीं त्यास करारपत्र लिहून द्यावें लागतें. परत आल्यावर ठराविक काळ, सामान्यतः तीन वर्षें, सेवा न करतां तो निघून गेला, तर रजेच्या काळांतील वेतन व इतर खर्च परत करावा लागतो. भारतीय पोलीस सेवेंतील अधिकाऱ्यांस १९६० चे निराळे नियम आहेत, आणि महाराष्ट्र सरकारच्या १९८१ च्या रजानियमांतही अभ्यासरजेची तरतूद आहे. अमेरिकेंतील दोन वर्षांचें वचन आणि आपल्याकडील तीन वर्षांचें करारपत्र, यांचें तत्त्व एकच आहे. समाजानें दिलेली विद्या कांहीं काळ तरी समाजाच्या कामीं यावी, हें तें तत्त्व होय.

मात्र एक भेद विसरतां कामा नये. अभ्यासरजेचा लाभ घेऊं शकतो तो बहुधा वरचा अधिकारी. ज्यास परदेशचें विश्वविद्यालय ठाऊक आहे, अर्ज लिहितां येतो, ज्याच्या जागीं दुसरा नेमतां येतो, त्यासच ही रजा पेलते. कोपऱ्यावर उभ्या असलेल्या शिपायास सणासुदीची रजा मिळण्याची मारामार; तो बारा महिन्यांची कोठून मागणार? त्याच्यासाठीं उपयोगीं पडतात तीं दाराशीं येणारीं विश्वविद्यालयें. नाशिक येथें १९८९ मध्यें स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठासारख्या संस्थेंत नांव घालून, पाळी संभाळून, घरच्या घरीं त्यास पदवीपर्यंत जातां येतें. न्यूयॉर्कच्या कॉलेजानें एकच पाठ दोन वेळां देऊन जी सोय केली, तीच ही सोय निराळ्या रीतीनें झाली. पण त्यासही परीक्षेच्या दिवशीं बंदोबस्तावर न धाडणारा वरिष्ठ लागतो, आणि तो भेटणें हेंच कित्येकदां शिष्यवृत्तीहून दुर्मिळ असतें.

म्हणून न्यायरक्षकांच्या शिष्यवृत्तीचा विचार करतांना नुसत्या रकमेकडे पाहून चालणार नाहीं. अमेरिकेच्या अनुभवानें तीन गोष्टी शिकविल्या आहेत. करारानें माणसाचें शरीर खात्यांत राहतें. त्याचें मन तेथें राहावयाचें तर शिकून आल्यावर त्याच्या विद्येस साजेसें काम त्यास दिलें पाहिजे. गुन्हेशास्त्र शिकून आलेल्यास पुन्हां कोठाराचा हिशेब ठेवावयास बसविलें, तर करार संपण्याचा दिवस तो बोटांवर मोजीत राहील. दुसरी गोष्ट अशी कीं, वेळेवांचून दिलेला पैसा वायां जातो. पाळी बदलून देणें ही सुद्धां एक शिष्यवृत्तिच आहे, आणि तिला तिजोरींतून दमडीही लागत नाहीं. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही कीं, धंद्याची विद्या धंद्यांत मिळते. विद्यालयांत जावयाचें तें धंद्याबाहेरचें जग पाहण्यासाठीं. शिपायाच्या रोजच्या कामांत त्यास भेटतात ते चोर, दारुडे, भांडखोर. तीस वर्षें तेवढीच माणसें पाहणाऱ्यास सारें जगच तसें वाटूं लागलें, तर दोष त्याचा एकट्याचा नव्हे. वर्गांतल्या बाकावर त्याच्या शेजारीं एखादी परिचारिका बसते, एखादा शेतकऱ्याचा मुलगा बसतो, एखादा असाही बसतो कीं ज्याच्या वस्तींत पोलिसाचें नांव ऐकतांच दारें लागतात. त्या बाकावरून उठून तो पुन्हां कोपऱ्यावर जाऊन उभा राहतो, तेव्हां समोरच्या गर्दींत त्यास गर्दी न दिसतां माणसें दिसूं लागण्याचा संभव असतो.

याचें प्रमाणपत्र कोणतेंही विश्वविद्यालय देऊं शकत नाहीं, आणि याचा आंकडा कोणत्याही अहवालांत सांपडत नाहीं. परंतु रात्रीं दोन वाजतां त्या कोपऱ्यावरून घरीं परतणारा मुलगा आपला असेल, तर त्या शिपायाच्या हातांत काठीबरोबर थोडी विद्याही असावी, असें कोणत्या आईबापांस वाटणार नाहीं? तशी ती असावयाची, तर त्याच्या अभ्यासाचा खर्च आणि त्याच्या गैरहजेरींतील अडचण हीं दोन्हीं आपण सर्वांनीं सोसलीं पाहिजेत.